संदर्भोल्लेखांचे गणित : एच-निर्देशांक काय मोजतो आणि काय मोजत नाही

एका संशोधकाच्या निबंधाचा आधार दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात नोंदवला की त्यास संदर्भोल्लेख म्हणतात; बोलण्यात मात्र ‘सायटेशन’ हाच शब्द रूढ आहे. असे उल्लेख मोजून संशोधकाच्या कामाचा आवाका आणि प्रभाव ठरवण्याच्या ज्या अनेक पद्धती आहेत, त्यांत एच-निर्देशांक आज सर्वाधिक प्रचलित आहे. नेमणूक, बढती आणि संशोधन-अनुदान यांच्या वेळी विद्यापीठे तो पाहतात. सांता क्लारा परिसरातील मराठी अभियंत्यांना आणि संशोधकांना तो बहुधा निराळ्या प्रसंगी भेटतो : ग्रीन कार्डाच्या अर्जाची तयारी करताना वकील विचारतात त्या पहिल्या काही प्रश्नांत.

निर्देशांकाची व्याख्या एका वाक्यात मावते. संशोधकाच्या निदान ‘न’ निबंधांपैकी प्रत्येकाचा उल्लेख निदान ‘न’ वेळा झालेला असेल, तर अशा ‘न’ची सर्वांत मोठी किंमत म्हणजे त्याचा एच-निर्देशांक. समजा, एका संशोधिकेचे सात निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख उतरत्या क्रमाने ४८, २०, ११, ६, ५, २ आणि ० असे आहेत. पाचव्या निबंधाला पाच उल्लेख आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून तिचा निर्देशांक ५. एकूण उल्लेख ९२. दहा किंवा अधिक उल्लेख लाभलेले निबंध तीन, म्हणून गूगल स्कॉलरवर दिसणारा आय-१० निर्देशांक ३. पहिल्या निबंधाचे उल्लेख उद्या ४८ वरून ४,८०० झाले, तरी एच पाचावरच राहील.

ही कल्पना मांडली ती सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी, २००५ साली. केवळ निबंधांची संख्या मोजली तर ढीगभर सुमार लेखन करणारा पुढे जातो, आणि केवळ एकूण उल्लेख मोजले तर एखाद्या गाजलेल्या निबंधाच्या सहलेखकाला अवाजवी श्रेय मिळते; या दोन्ही दोषांना एकाच अंकाने आळा घालावा, हा त्यांचा हेतू. भौतिकशास्त्रात मोठ्या विद्यापीठात कायम नेमणुकीच्या वेळी १२ च्या आसपास आणि पूर्ण प्राध्यापकपदाच्या वेळी १८ च्या आसपास निर्देशांक असावा, असा अंदाज त्यांनी दिला होता. तो त्या एका शास्त्रापुरता होता. पुढे हे आकडे इतर शास्त्रांतही सरसकट उद्धृत होऊ लागले, त्याचा दोष हिर्श यांच्याकडे फारसा जात नाही. २०२० साली त्यांनी स्वतःच लिहिले की, हा निर्देशांक काही वेळा साफ फसतो आणि त्याचे अनपेक्षित दुष्परिणाम गंभीर असू शकतात.

उल्लेख मोजण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ती मांडली आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. त्याचा मूळ उद्देश माणसांची क्रमवारी लावण्याचा नव्हता, तर ग्रंथालयात बसलेल्या वाचकाला एका निबंधावरून पुढच्या निबंधापर्यंत पोहोचवण्याचा होता. त्याच विचाराचा धागा पुढे सांता क्लारा काउंटीत आला. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत संकेतस्थळांमधील दुवे शोधनिबंधांतील उल्लेखांप्रमाणे वाचले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये माउंटन व्ह्यूच्या गूगलमधून अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स वर्स्टॅक यांनी ‘गूगल स्कॉलर’ सुरू केले, आणि जे आकडे एरवी सशुल्क माहितीसाठ्यांत असत ते कोणालाही घरबसल्या दिसू लागले.

मात्र एकाच व्यक्तीचा निर्देशांक सर्वत्र सारखा नसतो. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक स्रोतच मोजतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रती, परिषदांतील निबंध असे बरेच काही पकडतो, त्यामुळे तेथील आकडा सहसा सर्वांत मोठा असतो. स्वतःच स्वतःच्या निबंधांचे केलेले उल्लेख स्कोपसमध्ये वगळून पाहता येतात, स्कॉलरच्या पानावर ते वेगळे दाखवले जात नाहीत. मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. ‘एस. कुलकर्णी’ किंवा ‘ए. जोशी’ या नावाने लिहिणारे इतके आहेत की एकाचे निबंध दुसऱ्याच्या पानावर सहज जाऊन बसतात. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलणाऱ्या संशोधिकेचे काम तर दोन व्यक्तींत विभागले जाते आणि तिचा निर्देशांक दोन्हीकडे खुजा दिसतो. २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक हा त्यावरचा उपाय. तो घेण्यास पैसे पडत नाहीत, तरी तो घेण्याचे अनेकांना अर्ज भरायची वेळ आल्यावरच सुचते.

विषयागणिक फरक याहून मोठा. जीववैद्यकात संशोधक संख्येने अधिक, संदर्भसूची लांब आणि उल्लेख जलद. शुद्ध गणितात सूची आखूड आणि उल्लेख संथ. म्हणून गणितज्ञाचा १५ आणि कर्करोग-संशोधकाचा १५ यांची तुलना निरर्थक ठरते. निर्देशांक वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही. संशोधन सोडलेल्या माणसाचाही तो चढत राहतो. सहलेखकांचे श्रेयही तो वाटून देत नाही. २०१७ साली गूगलच्या आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर लिहिलेला निबंध आजच्या भाषिक प्रारूपांचा पाया आहे. पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातून शिकलेल्या निकी परमार त्या आठांपैकी एक. सर्वांचे योगदान समान असून नावांचा क्रम कसाही लावला आहे, अशी टीप त्या निबंधातच आहे. त्याचे उल्लेख एक लाखाच्या पुढे गेले, तरी प्रत्येक लेखकाच्या एच-निर्देशांकात त्याने भर घातली ती फार तर एकाची.

दुसऱ्या टोकाला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी शोधला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जग त्यांना ओळखू लागले. आज ‘काप्रेकर स्थिरांक’ लिहिणारा त्यांच्या मूळ टिपणाचा उल्लेख करीलच असे नाही, कारण त्यांचे नावच संज्ञा होऊन बसले आहे. ज्ञान इतके सर्वपरिचित होणे की उगम सांगण्याची गरज वाटू नये, हा प्रभावाचा मोठा प्रकार. मोजणीत मात्र तो शून्य भरतो.

आकड्याला पगार जोडला की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने जवळून पाहिला. २०१० च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण ठरवले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तिच्यातही ती शिरली. पुण्याचे प्राध्यापक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की, विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकत नव्हती. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावे काढली. पुढे ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी तयार झाली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. नियतकालिक निवडण्याची जबाबदारी आता पुन्हा संस्थांवर आहे. ‘स्टॅनफर्डच्या दोन टक्क्यांत’ असे फलक भारतीय महाविद्यालयांच्या दारांवर दिसतात, ते याच हव्यासाचे दुसरे रूप. ती यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला सन्मान नसून तेथील प्राध्यापक जॉन योआनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून केलेली मोजणी आहे. तिच्यात विषय वेगळे केलेले असतात आणि स्वतःचे उल्लेख वगळूनही आकडे दिलेले असतात, एवढे तिचे गुण मान्य करावे लागतात.

अमेरिकेत या आकड्यांवर कुटुंबाचे बेत अवलंबून असतात. रोजगाराधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ईबी-२ ची रांग दशकाहून लांबली आहे. मूल २१ वर्षांचे झाले की ते अवलंबितांत मोजले जात नाही. वयाच्या गणनेत कायद्याने काही सूट दिली आहे, पण ती प्रत्येकाला पुरत नाही. म्हणून असाधारण गुणवत्तेच्या ईबी-१ए वर्गाकडे डोळे लागतात. त्यात नोकरी देणाऱ्या कंपनीवाचून स्वतः अर्ज करता येतो, आणि दहा निकषांपैकी निदान तीन सिद्ध करावे लागतात.

या निकषांत संदर्भोल्लेखांचे स्थान कोठे, हा वाद ‘काझारियन’ खटल्यात निघाला. मार्च २०१० मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सांगितले की, ‘विद्वत्तापूर्ण लेख लिहिले’ हा निकष लेख लिहिल्याने पूर्ण होतो. त्यांचे उल्लेख झाले का, हे त्या पायरीवर विचारता येत नाही. उल्लेखांचा विचार शेवटच्या, समग्र मूल्यमापनाच्या पायरीवर व्हावा. अर्जदार भौतिकशास्त्रज्ञ तो खटला हरलाच, कारण तीन निकष भरले नाहीत. पण दोन पायऱ्यांची ही पद्धत यूएससीआयएसने देशभर स्वीकारली. कार्यालयाच्या धोरणपुस्तिकेत त्या शेवटच्या पायरीच्या संदर्भात एच-निर्देशांकाचा नावानिशी उल्लेख आहे, तोही ‘त्या क्षेत्राच्या मानाने’ या अटीसह.

ही अट अर्जदार सर्वांत अधिक विसरतात. ‘माझा एच १४ आहे’ हे विधान अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याच विषयातील, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आपला निबंध वरच्या किती टक्क्यांत येतो, हे सांगितले तर काही सांगितले असे होते. क्लॅरिव्हेटची विषयवार शतमानाची कोष्टके त्यासाठीच वापरतात. उल्लेख कोणी आणि कशासाठी केला, हेही पाहिले जाते. संदर्भसूचीत इतर वीस नावांसोबत आलेले नाव वेगळे, आणि ‘ही पद्धत आम्ही वापरली’ असे सांगणारे वाक्य वेगळे.

सांता क्लारातील चिप-अभियंत्यांपुढे प्रश्न याच्या उलट असतो. दहा वर्षांचे काम कंपनीच्या गोपनीयतेत बंद. निबंध दोन, पेटंट सहा, एच-निर्देशांक जेमतेम २. त्यांच्यासाठी नामांकित संस्थेतील कळीची भूमिका आणि क्षेत्राच्या मानाने उच्च वेतन हे निकष नियमांत आहेतच. एखादा निकष त्या व्यवसायाला लागूच पडत नसेल, तर तुल्य पुरावा देण्याचीही मुभा आहे : उद्योगात काम करणाऱ्याने विद्वत्तापूर्ण लेखांऐवजी मोठ्या व्यापारी प्रदर्शनात केलेले सादरीकरण पुढे ठेवावे, असे उदाहरण त्याच धोरणपुस्तिकेत दिले आहे.