पनामाची कवाडे आणि टेबलावरचे काटे

१५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज पनामा कालव्यातून पार झाले आणि कालवा जगाला खुला झाला. युरोपात महायुद्ध नुकतेच पेटले होते, त्यामुळे त्या बातमीचे व्हावे तसे कौतुक झाले नाही. या कालव्याच्या इतिहासात डोंगर फोडणारे मजूर, हिवताप, पीतज्वर यांची हकीकत येते, आणि ती यायलाच हवी. मी मात्र विजेच्या मोटारींत आयुष्य काढलेला माणूस. माझे मन तिथल्या एका टेबलावर अडकले आहे.

गातूनचे तळे समुद्रापासून ८५ फूट उंच. जहाज तिथवर चढते ते ओळीने बांधलेल्या हौदांतून. प्रत्येक हौद १,००० फूट लांब आणि ११० फूट रुंद, दाराला दोन पोलादी कवाडे. एकेक कवाड ६५ फूट रुंद, आणि सर्वांत मोठ्याचे वजन ७०० टनांवर! पण ती आतून पोकळ आणि पाण्यात हलकी होणारी, म्हणून २५ अश्वशक्तीच्या मोटारींनी हलत. प्रश्न ताकदीचा नव्हताच. दूर भिंतीत गाडलेली मोटार किती फिरली, कवाड पुरते मिटले की फट राहिली, हे चालकाला कळावे कसे? एका चुकीने तळ्याचे पाणी खाली कोसळले असते.

कालव्याचे विद्युत अभियंता एडवर्ड शिल्डहावर आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी यावर तोड काढली. गातूनला ६४ फूट लांब, ५ फूट रुंद टेबल मांडले, म्हणजे सगळ्या हौदांची लहान प्रतिकृतीच. कवाडाच्या यंत्राला एक छोटे विद्युतयंत्र जोडले, तसेच दुसरे टेबलाखाली. दोघांच्या फिरत्या भागांना एकच वीज, आणि स्थिर वेटोळी तीन तारांनी एकमेकांना बांधलेली. दोघांच्या कोनात फरक पडला की तारांतून प्रवाह वाहतो आणि टेबलाखालचा जोडीदार आपसूक वळून तोच कोन धरतो. कवाड जसे फिरे, तसा टेबलावरचा काटा फिरे. या जोडीला पुढे ‘सेल्सिन’ नाव पडले.

शिवाय टेबलाखाली रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये असतात तशा अडसरांची जाळी होती. आधीची क्रिया झाल्याखेरीज पुढची कळ फिरतच नसे. माणसाच्या सावधपणावर सगळा भार न टाकणारी ही योजना मला काट्यांइतकीच मोलाची वाटते.

सेल्सिनला एक मर्यादा होती. ते काटा हलवी, तोफ नव्हे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कोनातला फरक विजेच्या रूपाने मोजून, वाढवून, मोठ्या मोटारीला देण्याची रीत युद्धनौकांवर रुळली. फरक शून्य होईतो मोटार तोफ फिरवत राही.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी लेथच्या मोटारीमागे आज एन्कोडर असतो किंवा रिझॉल्व्हर. एन्कोडर बहुधा चकतीवरच्या रेघा प्रकाशाने मोजतो. रिझॉल्व्हर मात्र सेल्सिनच्याच कुळातला. तीन वेटोळ्यांऐवजी काटकोनात बसवलेली दोन, एवढाच फरक. कारागीर मराठी असो वा कानडी, माझ्या कानी तरी दोघांच्या तोंडून दोन्ही वस्तूंना एकच नाव येते, ‘एन्कोडर’.