दांडीचे बूट

१९८१ साली मी महापालिकेच्या एका रुग्णालयात प्लास्टर रूमला लागलो. पहिले सहा महिने मला पेशंटला हात लावू दिला नाही. माझं काम पट्ट्या भरायचं. जाळीच्या कापडाची लांब पट्टी टेबलावर पसरायची, वर प्लास्टर ऑफ पॅरिसची पावडर टाकायची, तळव्याने चोळायची आणि गुंडाळत जायचं. घट्ट गुंडाळली तर आत पाणी शिरत नाही, फार सैल झाली तर पावडर सगळी बादलीत. भरलेल्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. पावसाळ्यात झाकण नीट लागलं नसलं की सकाळी डब्यात दगड. घरी पोचलो की आई विचारायची, रुग्णालयातून आलास की पिठाच्या गिरणीतून?

मंगळवार हा ‘सीटीईव्ही’चा दिवस. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, आम्ही ही अक्षरं घ्यायचो आणि आया म्हणायच्या, वाकडा पाय. पंजा आत वळलेला, तळवा दुसऱ्या पायाकडे बघतोय, टाच वर ओढलेली. हजार बाळांमागे साधारण एकाला असं होतं, मुलींच्या दुप्पट मुलग्यांना, आणि जवळपास निम्म्यांचे दोन्ही पाय. हे आकडे मी फार नंतर वाचले. तेव्हा डोळ्यांसमोर एवढंच असायचं : बाकावर मुलुंड, कल्याण, विरारपासून आलेल्या बायका ओळीने बसल्यात, प्रत्येकीच्या मांडीवर बाळ आहे आणि उकाडा असला तरी दुपट्याने पाय झाकलेत.

आमचे सर हाताचे पक्के. पंजाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध अंगठा रोवायचे आणि पुढचा भाग बाहेर ढकलायचे. मी तेच शिकलो. प्लास्टर गुडघ्याखालपर्यंत. बाळ लाथा झाडायचं आणि दोन दिवसांत ते प्लास्टर मोज्यासारखं खाली घसरायचं. आई घसरलेलं प्लास्टर पिशवीत घालून परत यायची आणि आम्ही तिलाच ओरडायचो. असं महिनोन्‌महिने चालायचं. सहा-आठ महिन्यांनी पाय तसाच हट्टी राहिला की ऑपरेशन. टर्को नावाच्या अमेरिकन सर्जनने १९७१ साली त्यावर लेख लिहिला होता आणि तेव्हा सगळीकडे तेच चालायचं. मागून आणि आतून अस्थिबंध सोडवायचे, तारेने पाय धरून ठेवायचा. टेबलावर पाय असा सरळ दिसायचा की वाटायचं, हे आधीच का नाही केलं. पण त्यातली काही पोरं मोठी होऊन परत आली तेव्हा त्यांचे पाय लाकडासारखे कडक होते आणि उभं राहिलं की दुखायचे.

तो अंगठा कुठला ते मला उशिरा कळलं. अटलांटाचे डॉक्टर काइट यांची ती पद्धत. त्यांच्या काळी लहान पोरांचे पाय जोर लावून पिरगाळायचे किंवा थेट कापायचे. काइटनी धीराने प्लास्टर घालायचं ठरवलं, ते त्यांचं मोठेपण. फक्त अंगठा चुकला. कडेवर दाबलं की टाच आतच अडकून पडते, तिला फिरायला वाव राहत नाही.

हे ज्याने ओळखलं तो घड्याळजीचा मुलगा. इग्नासिओ पोन्सेटी, जन्म १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. लहानपणी बापाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, आपल्या बाजूच्या पराभवानंतर १९३९ साली सीमा ओलांडून फ्रान्स, तिथून मेक्सिको, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाला. तिथे ऑपरेशन केलेल्या पायांची पुढे काय गत झाली हे त्याने तपासलं आणि ते पाहून तो सुरीपासून लांब गेला. बाळाच्या पायाची हाडं अजून बरीचशी कूर्चेची असतात, अस्थिबंध हळूहळू ताणले जातात. घोट्यापुढच्या हाडाचा बाहेर आलेला उंचवटा अंगठ्याखाली धरायचा आणि बाकी सगळा पंजा त्याच्याभोवती बाहेर फिरवायचा. टाचेला हात लावायचा नाही, ती आपली आपण फिरते. प्लास्टर मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात, दर आठवड्याला नवं. पाच-सहा प्लास्टरांत पाय वळतो. मग बहुतेक बाळांची टाचेमागची शीर एका बारीक छेदाने सोडवायची आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, तेवढ्यात ती शीर पुन्हा जुळून येते.

ही पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरची. निकालांचा लेख १९६३ चा. पुस्तक १९९६ चं, म्हणजे तोवर पोन्सेटी ऐंशी पार. मधली तीस-पस्तीस वर्षं जगाने ऐकलं नाही. १९९५ मध्ये त्यांचे जुने पेशंट तिशी-चाळिशीत धडधाकट चालतायत असा अभ्यास छापून आला, अमेरिकेतल्या आईबापांनी इंटरनेटवर एकमेकांना सांगितलं, तेव्हा कुठे डॉक्टर मंडळी वळली. आमच्याकडे २००० नंतर काही वर्षांनी एक तरुण डॉक्टर शिकून आले. पहिल्याच मंगळवारी माझा अंगठा उचलून त्यांनी दोन बोटं वर ठेवला. वीस वर्षांचा अंगठा, तिथे राहीना. पुन:पुन्हा कडेवर जायचा.

आता दांडीकडे येतो, कारण खरी गोष्ट दांडीची आहे.

आमच्या कपाटात दांड्या आधीपासून होत्या. डेनिस ब्राउन या लंडनच्या बालशल्यविशारदाने १९३४ साली ती काढली. दोन पावलांना पट्ट्या, चिकटपट्टीने पाय त्यावर बांधायचे, मध्ये आडवी दांडी. त्याचं म्हणणं, बाळ लाथा मारतं, तर त्या लाथांनाच कामाला लावा. एक पाय झाडला की दुसरा वळेल. पोन्सेटींनी दांडी घेतली पण हे म्हणणं घेतलं नाही. दांडी पाय सरळ करत नाही, प्लास्टरने सरळ झालेला पाय पुन्हा वळू देत नाही. आम्ही मात्र ती शेवटी, निरोपाच्या नारळासारखी हातात द्यायचो. ‘रात्री घाला हं’, एवढं सांगून. किती रात्री, किती वर्षं, कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मग वर्षाने तेच पोर, तोच पाय.

दांडीला लावायचे बूट बनवणारे हात पोलिओच्या कामात तयार झालेले. १९४७ मध्ये फातिमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी संस्था उभी केली. त्यांच्या स्वत:च्या मुलीला पोलिओ झाला होता. हाजी अलीला त्या संस्थेचं मुलांचं रुग्णालय आलं, आणि १९५५ मध्ये तिथेच जवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था. कॅलिपर, पट्टे, उंच तळाचे बूट ही कारागिरी मुंबईत रुजली ती पोलिओमुळे. २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, पुढे पोलिओ संपला, कॅलिपरचं काम आटत गेलं. बुटांची आरी-रापी उरली ती आमच्या मंगळवारच्या पोरांसाठी.

मी २०१६ ला निवृत्त झालो. वाटलं, सुटलो वाकड्या पायांतून.

२०२२ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूनबाईच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डावा पाय आत वळलेला दिसला. त्याच महिन्यात २५ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, खंडग्रास सूर्यग्रहण. मुंबईत सूर्य ग्रासलेलाच मावळला. पंतनगरच्या आमच्या इमारतीत गरोदर बाई त्या वेळी हलत नाही, चिरत नाही, पाय दुमडून बसत नाही. आमच्या सुनेने पेरू कापून खाल्ला. फेब्रुवारीत नातू झाला, डावा पाय आत, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तरी मी सांगत होते.” मी म्हटलं, “अहो, ग्रहणाच्या तीन आठवडे आधी फोटोत दिसलं होतं.” काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग मागच्या ग्रहणाचं असेल.” तेवढ्यात कुणीतरी नातवाला पायाळू म्हणून टाकलं. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याने लाथ मारली की म्हणे उसण जाते. आमचा सरळ डोक्याकडून आला होता. तरी दोन जण पाठ दाखवून गेले.

दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर सुरू झालं. दर आठवड्याला घाटकोपरहून स्लो गाडी. निघायच्या आधी पहाटे मी टबात कोमट पाण्यात पाय भिजवायचो आणि पट्टी उलगडायचो. बोटांना टोक बरोबर सापडायचं. मी माझ्या हाताने हजारोंनी घातलं होतं, उलगडलं मात्र पहिल्यांदाच. आतून निघालेला पाय सुरकुतलेला, आंबूस वासाचा आणि दर वेळी थोडा अधिक बाहेर. रुग्णालयात प्लास्टर घालताना बाळ भुकेलं लागतं, म्हणजे दूध पिताना पाय सैल सोडतं. सून पाजायची, मी लांब खुर्चीवर बसायचो आणि माझा अंगठा नकळत हवेत हलायचा.

मे महिन्यात बूट आले. दांडी खांद्याच्या रुंदीएवढी, डावा बूट सत्तर अंश बाहेर, उजवा चाळीस. टाचेपाशी एक भोक, टाच खाली बसली की नाही ते बघायला. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. आमची ही म्हणाली, “चांगल्या पायाला शिक्षा कशाला?” मी दांडीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं सोडून दिलं आणि म्हटलं, फिरव आता. पलीकडून धरायला कुणी नसलं की दांडी नुसती घरभर फिरते.

पहिल्या तीन रात्री कुणी झोपलं नाही. चौथ्या दिवशी त्याला कळलं की दोन्ही पाय एकदम झाडायचे असतात, आणि त्यानंतर लोखंडी पलंगावर ठण, ठण. साडीच्या झोळीत दांडी आडवी बसेना, तिरकी बसली की साडी फाटे. मच्छरदाणीला तीन भोकं. सुनेच्या दंडावर काळानिळा डाग, रोज त्याच जागी. शेवटी मी एसीच्या पाइपवर लावतात तो काळा फोम आणून दांडीवर चढवला. लंगोट बदलताना त्याच दांडीला धरून दोन्ही पाय एकदम वर करता येतात, याबाबतीत दांडी नसलेल्या घरांपेक्षा आम्ही सुखी होतो. जून लागला, मोजे वाळेनात. पंख्याखाली दोरीवर सात जोड. लाल वण चालतो, फोड चालत नाही. रोज आंघोळीच्या वेळी सून टाच उजेडात धरून बघायची, सोनाराने दागिना बघावा तशी.

लेडीज डब्यात तिला सगळे एकच विचारायचे, “पडलं का हो बाळ?” एकदा एका बाईने काही विचारलं नाही. स्वत:च्या पाच वर्षांच्या मुलाला हाक मारली आणि म्हणाली, “धावून दाखव.” गर्दीच्या डब्यात तो कुठे धावणार? त्याने जागच्या जागी उड्या मारल्या.

जुलैत डाव्या बुटाच्या पट्ट्याचं भोक फाटलं. रविवार, सगळं बंद. स्टेशनबाहेरच्या मोचीकडे नेला. त्याने बूट उलटा केला, पुढून उघडी बोटं, मागचं भोक, तळाचा स्क्रू बघितला. “किसका है?” म्हणाला. सांगितलं. मेण लावलेला दोरा घेऊन त्याने दुहेरी टाका घातला, टोक आत दाबलं, म्हणजे कातडीला टोचणार नाही. ते मी सांगितलं नव्हतं. युगांडात मिखील स्टीनबीक या डच तंत्रज्ञाने दांडीचे बूट बनवले ते अशाच हातांच्या भरवशावर : तिथलंच चामडं, प्लायवूड, लोखंडाची सळई, गावचा मोची आणि वेल्डर. महागड्या आयात बुटांपेक्षा ते अनेक गरीब देशांत अधिक चालले. आपल्याकडे २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या तपासणीच्या यादीत वाकडा पाय आहे. मी बाकावरच्या त्या बायकांना ओरडत होतो तेव्हा असली यादी नव्हती.

बारशाला आमच्या हिने चांदीचे वाळे केले होते. तेव्हा प्लास्टर होतं, मग बूट. डबीत पडून राहिले. ऑगस्टमध्ये बूट फक्त झोपेपुरते झाले, त्या दिवशी तिने आंघोळीनंतर डबी काढली. उजव्या पायात वाळा जाईना, साहजिक होतं, पोर सहा महिन्यांचं. मग डावा घेतला. जन्मला तेव्हा ती टाच अंगठ्याखाली दाबली तर रिकामी लागायची, कापसाच्या पुडीसारखी. हिने तेल लावलं, वाळा फिरवला, तिरका करून बघितला. टाचेवरून पुढे सरकेना.

“सोनाराकडे वाढवून आणा,” ती म्हणाली. “दोन्ही सारखेच वाढवायला सांगा.”