बारा आण्यांचा मसाला

परवा काकूचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं, आणि मग हळूच म्हणाली, "अरे, गाडीचं पासिंग संपतंय या वर्षी. तू एकदा येऊन काय ते ठरव बाबा. मला त्यातलं काही कळत नाही आणि ते होते तेव्हा मी कधी विचारलंही नाही."

नातेवाईक मंडळींना 'गाडी' म्हणजे कुठली ते सांगायला नको. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या काकांकडे १९९६ सालची मर्सिडीज होती. ई २२०. काका २०२४ मध्ये गेले, गाडी मात्र अजून पार्किंगमध्ये हिरव्या कव्हरखाली उभी आहे. काका काही बडे आसामी नव्हते. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. मग ही गाडी कशी? तर त्याचीच ही गोष्ट. थोडा इतिहास, थोडा हिशेब.

आधी इतिहास. तीन टोकांचा तारा आपल्याकडे आला तो मोटारीवर नाही, ट्रकवर. १९५४ मध्ये टेल्कोनं डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पंधरा वर्षं, म्हणजे १९६९ पर्यंत तो करार चालला. त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीला मर्सिडीज म्हटलं की घाटात घरघरत चढणारा मालट्रकच आठवायचा. मोटार मात्र लांबची गोष्ट. परदेशी गाडी आणणं जवळपास अशक्य होतं, आणि देशात अँबेसेडर किंवा फियाट यापलीकडे फारसं काही मिळत नव्हतं.

१९९१ नंतर दारं उघडली. १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली, आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ई-क्लास तयार होऊ लागली. कारखाना चाकणला गेला तो पुढे, २००९ मध्ये. काका सकाळी कंपनीच्या बसनं जाताना या नव्या कोऱ्या गाड्या रस्त्यावर बघायचे. किंमत वीस लाखांच्या पुढे. त्या काळी पुण्यात तेवढ्यात दोन चांगले फ्लॅट आले असते. काका म्हणायचे, "मी काही ती विकत घ्यायचा विचार करत नव्हतो. मी फक्त तिच्या दाराचा आवाज ऐकत होतो."

या मॉडेलला जगभर डब्ल्यू १२४ म्हणतात. युरोपात ते १९८४ च्या अखेरीस आलं. ब्रुनो साको या इटालियन माणसाच्या देखरेखीखाली त्याचं रूप ठरलं. पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि जर्मनीत त्यातल्या कितीतरी टॅक्सी म्हणून पळाल्या. म्हणजे आपल्याकडे जी शेठजींची गाडी, ती तिकडे स्टेशनाबाहेर उभी राहणारी टॅक्सी! जर्मनीत सेदानचं उत्पादन १९९५ मध्ये संपत होतं तेव्हा आपल्याकडे ती 'नवीन' म्हणून सुरू होत होती. पण तेव्हा कुणाला त्याचं काय होतं?

काकांनी गाडी घेतली २००६ मध्ये. दहा वर्षं जुनी, चार लाख दहा हजारांना. निवृत्तीच्या पैशांतून. त्या वेळी एवढ्या पैशांत बऱ्यापैकी नवी छोटी गाडी आली असती. घरात काय झालं असेल ते सांगायला नको. माझे बाबा एवढंच म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

बाबांची म्हण किती खरी होती ते मला गेल्या आठवड्यात कळलं. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये काकांची वही सापडली. लांबट, लाल कापडी पाठीची, दुकानदार वापरतात तशी. पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली १८ वर्षांचा खर्च. तारीख, किलोमीटर, काम, सामान, मजुरी. टूलरूमचा माणूस, अक्षर छापल्यासारखं.

मी बसून बेरीज केली. ६१ हजार किलोमीटर, आणि पेट्रोल सोडून खर्च ११ लाख ७० हजार. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट! चार आणे आणि बारा आणे. बाबांनी आकडासुद्धा बरोबर सांगितला होता म्हणायचा. :-) किलोमीटरमागे एकोणीस रुपये, वर पेट्रोल. गाडी लिटरला आठ किलोमीटर देते, म्हणजे पेट्रोलचे सुमारे सहा लाख झाले असतील. लोक जुन्या मोठ्या गाडीबद्दल पहिला प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती?" वही सांगते की प्रश्नच चुकीचा आहे. देखभालीचा खर्च पेट्रोलच्या दुप्पट आहे.

असं का होतं? कारण अशा गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. वीस लाखांची गाडी चार लाखांची झाली तरी तिचा ब्रेक वीस लाखांच्या गाडीचाच राहतो. खरेदी गरिबाची, संसार श्रीमंताचा.

वहीतून आणखी गमती कळल्या. टायरचा खर्च अगदी कमी आहे. का, तर तिचं टायरचं माप (१९५/६५, पंधरा इंची) पुढे कोरोला, सिव्हिक, ऑक्टाव्हियालाही आलं. जे चारचौघांसारखं ते स्वस्त, जे हिचं एकटीचं ते महाग. समोरच्या काचेला एकच वायपर, पण तो मधूनच पुढे-मागे सरकत कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. पावसात शेजारची पोरं बघायला यायची. पण त्या यंत्राला वेळच्या वेळी ग्रीस हवं, नाहीतर साध्या वायपरच्या कितीतरी पट भुर्दंड. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांडे, प्रत्येकाला रबरी बुश. त्यामुळेच तर ती खड्ड्यातून अशी जाते की पोटातलं पाणी हलत नाही. आणि त्यामुळेच वहीत दर तीन-चार पानांनी 'बुश' हा शब्द आहे. म्हणजे जे सुख, तेच बिल.

एक पान तर रागाचं आहे. मागून आवाज येत होता. एका गॅरेजनं दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले, २३ हजार. आवाज तसाच. शेवटी नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानदारानं एक मिस्त्री सुचवला. त्यानं गाडीखाली शिरून चारशे रुपयांचं एक रबर बदललं. आवाज बंद. काकांनी खाली लिहिलंय, "सामान महाग नाही, अज्ञान महाग." त्यानंतर काका स्वतः वाचायला लागले, कुर्ल्याच्या भंगार बाजारात स्वतः हिंडायला लागले, आणि पुढची सगळी वर्षं काम त्या एकाच मिस्त्रीकडे.

वाचण्याचा फायदा झाला तो वायरिंगच्या बाबतीत. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागात या गाड्यांच्या इंजिनातल्या तारांवर पर्यावरणाला कमी त्रास देणारं आवरण वापरलं होतं. उद्देश चांगला, पण इंजिनाच्या उष्णतेनं ते आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकतं. जगभरचे या गाड्यांचे मालक हे जाणून आहेत. काकांनी काही बिघडायच्या आधीच, २००८ मध्ये, अख्खं वायरिंग बदलून घेतलं. ५८ हजार. घरात कुणाला पटलं नाही. चालती गाडी दुरुस्त करायची?

मला इथे बर्था बेंझची आठवण झाली. कार्ल बेंझनं १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, पण गिऱ्हाईक मिळेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाची हकिगत ही देखभालीचीच हकिगत आहे! आणि तारेचं आवरण तेव्हाही होतंच. मोटार आणि मसाला बरोबरच जन्माला आले म्हणा ना.

मोरोक्कोत जुन्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून दशकानुदशकं चालल्या. तिथे मजुरी स्वस्त, सामान मुबलक आणि घरोघरी मिस्त्री. २०१४ पासून तिथल्या सरकारनं अनुदान देऊन त्या बदलायला लावल्या. आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३६ ची मायबाख दसऱ्याला बाहेर पडते. पण ती राजघराण्याची. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर कितीतरी संस्थानिकांनासुद्धा आपल्या गाड्या पोसणं जड गेलं. दारात हत्ती झुलवायचा तर आधी उसाचा हिशेब हवा. काकांचा हत्ती पेन्शनवर झुलत होता.

वहीतलं सगळ्यात महाग वर्ष कुठलं असेल? मला वाटलं, जेव्हा खूप फिरवली ते. तर नाही. २०२०-२१! गाडी जेमतेम दोनशे किलोमीटर चालली, आणि बॅटरी गेली, ब्रेक धरले, सील वाळले, शिवाय उंदरांनी वायरी कुरतडल्या. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खाते. हे वाचलं आणि कव्हरखालच्या गाडीकडे बघून पोटात गोळाच आला. दीड-दोन वर्षं ती तशीच उभी आहे.

वर सरकारी खर्च. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. काकांनी २०२१ मध्ये पासिंग केलं तेव्हा फी होती सहाशे रुपये. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी दहा हजार. त्यात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि हिच्या रबरी नळ्या काही त्यासाठी बनलेल्या नाहीत. सरकारचंही चूक म्हणता येत नाही. जुन्या गाड्यांचा धूर आपल्याच नातवंडांच्या छातीत जातो.

तर मी हा सगळा हिशेब घेऊन काकूकडे गेलो. मनात पक्कं होतं की ती म्हणणार, त्यांची आठवण आहे, राहू दे. आणि मी समजूत घालणार.

काकूनं वही मागितली. चष्मा लावून पानं उलटली आणि एका पानावर थांबली. मे २०१३. एसीची कूलिंग कॉइल, अख्खा डॅशबोर्ड उतरवून, ८४ हजार. आणि खाली बारीक अक्षरात, "काशी पुढच्या वर्षी."

मी ते वाचलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी कधी आलंच नाही बघ," काकू म्हणाली. रागानं नाही. "मला वाटायचं, यांच्या लक्षातही नसेल. लिहून ठेवलं होतं होय..." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "वाईट माणूस नव्हता रे. रविवारी मला पुढे बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायचे. तेव्हा मलाही आवडायचं. पण आता विक. आणि तोडणाऱ्याला देऊ नकोस."

मिस्त्रीनंच गिऱ्हाईक आणलं. सांगलीचा एक तरुण. आधी म्हणाला एक लाख ऐंशी. मी वही पुढे केली. तो तासभर वाचत बसला, अगदी वायरिंगच्या पानापासून. मग उठून म्हणाला, "दोन साठ देतो. ही वही मिळणार असेल तर." पासिंगचा खर्च त्याचा.

म्हणजे त्या अकरा लाख सत्तर हजारांतले ऐंशी हजार परत आले. काकांच्या गाडीमुळे नाही, त्यांच्या अक्षरामुळे.

काकू मात्र ऐकेना. "त्याला झेरॉक्स दे. वही माझ्याकडे राहू दे." कोपऱ्यावरच्या दुकानातून अख्ख्या वहीची झेरॉक्स काढून आणली. एकशे चाळीस रुपये. वहीच्या शेवटच्या पानावर तीही नोंद मी करून ठेवलीय. तारीख, काम, मजुरी.

असो. बरंच लांबलं. नोव्हेंबरात काकूला घेऊन मी काशीला जातोय. कुणी नातेवाईक येणार असतील तर लवकर कळवा, तिकिटं काढायचीत.