जमाव, दंगा आणि बंदूक

चौकात पाचशे माणसे जमली की घाबरलेल्या अधिकाऱ्याला ती सारी दंगेखोर वाटतात, आणि जमावातल्या माणसाला समोरचा प्रत्येक शिपाई जुलमी वाटतो. भयाने दोघांचीही दृष्टी अंधारते. अशा वेळी शांत जमाव कोणता व दंगा कोणता, हे ठरवावे कसे? १९१९ च्या एप्रिलमधील अमृतसरकडे आपण ह्या प्रश्नासाठी पुन्हा पाहिले पाहिजे.

रौलट कायद्याविरुद्ध तेथे चळवळ चालू होती. १० एप्रिलला डॉ. सत्यपाल व डॉ. किचलू ह्या पुढाऱ्यांना सरकारने पकडून शहराबाहेर नेले. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यासाठी लोक डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याकडे निघाले. वाटेत भेटलेल्या युरोपियनांना त्यांनी हात लावला नाही. रेल्वेच्या पुलाजवळ त्यांना अडविण्यात आले. दगड आले, गोळ्या सुटल्या, माणसे पडली. मग चिडलेला जमाव शहरात परतला. बँका जाळल्या गेल्या, पाच युरोपियन मारले गेले, एका मिशनरी बाईला मारहाण झाली. तिला वाचविणारेही हिंदी लोकच होते. सकाळची ती मिरवणूक होती, दुपारचा तो निःसंशय दंगा होता. त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. परंतु त्या वेळी कोतवालीत सशस्त्र पोलीस असूनही ते वेळेवर पुढे सरसावले नाहीत, असा ठपका पुढे हंटर समितीने ठेवला.

तीनच दिवसांनी, बैसाखीला, जालियनवाला बागेत सभा भरली. सकाळी जनरल डायरने जमावबंदीची दवंडी पिटविली होती. पण शहराच्या कित्येक भागांत ती पोहोचलीच नाही, आणि बाहेरगावच्या यात्रेकरूंच्या तर ती कानीही नव्हती. सभा हुकूम मोडून भरली होती, हे खरे. पण ती कोणावर चाल करून जात नव्हती. लोक निःशस्त्र होते, भाषणे ऐकत होते. डायरने पन्नास बंदूकधारी शिपाई उभे केले आणि पूर्वसूचना न देता गोळीबार सुरू केला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. लोक पळत होते तरी गोळीबार थांबला नाही. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली.

हंटर समितीत मुंबईचे नामवंत वकील चिमणलाल सेटलवाड होते. वाट रुंद असती तर चिलखती मोटारींतल्या मशीनगन चालविल्या असत्या काय, असे त्यांनी विचारले. बहुधा चालविल्या असत्या, असे डायरने कबूल केले. गोळीबाराशिवायही लोक पांगले असते, हेही तो नाकारू शकला नाही. मग गोळीबार कशासाठी? साऱ्या पंजाबवर वचक बसावा म्हणून! त्याची खरी चूक येथे आहे. दहा तारखेच्या दंग्याची शिक्षा त्याने तेरा तारखेच्या सभेला दिली. जेथे बळ वापरणे कर्तव्य होते तेथे पोलीस बसून राहिले, आणि जेथे एक इशारा पुरला असता तेथे रक्ताचा सडा पडला.

१९२० च्या जुलैत ब्रिटिश पार्लमेंटात युद्धमंत्री चर्चिल ह्यांनी अशा प्रसंगाच्या कसोट्या सांगितल्या: जमाव हल्ला करीत आहे काय? त्याच्याजवळ शस्त्रे आहेत काय? बळ वापरावेच लागले तर ते गरजेपुरते व समोरच्या कामापुरते असावे. चर्चिल काही हिंदुस्थानचे कैवारी नव्हते. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची.

कायदाही हेच सांगत होता. जमाव पांगविताना सैन्याने कमीत कमी बळ वापरावे व कमीत कमी इजा करावी, असे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेले होते. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व कायम आहे. आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आता राज्यघटनेने आपणांस दिला आहे.

तेव्हा हुकूम मोडणे आणि दंगा करणे ह्यांत अंतर आहे, हे पोलिसांनी विसरू नये. हुकूम मोडणाऱ्यास आधी सूचना द्यावी, वाट मोकळी ठेवावी, प्रसंगी अटक करावी; दगड मारणाऱ्यास गर्दीतून वेगळा काढावा; आणि माणसे पांगू लागताच हात आवरावा. आपणही मिरवणुकीतला पहिला दगड आपल्याच माणसाने उचलू नये, हे पाहावे. समोर उभ्या असलेल्या जमावाचा न्याय त्याच्या आजच्या वर्तनावरून व्हावा, कालच्या रागावरून नव्हे.