हवा गुणवत्ता अंदाज मॉडेलांचे मूल्यमापन

हवेतील प्रदूषकांविषयी संगणकीय मॉडेलने वर्तवलेला अंदाज प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून त्याची विश्वासार्हता ठरवणे, यास हवा गुणवत्ता अंदाज मॉडेलांचे मूल्यमापन असे म्हणतात. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ही या क्षेत्रातील भारतातील प्रमुख संस्था आहे. तिची 'सफर' ही प्रणाली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने २०१० मध्ये दिल्लीत, तर २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत सुरू झाली.

निकष

सरासरी कल, वर्गमध्यमूळ त्रुटी आणि सहसंबंध हे नेहमीचे निकष होत. यांपैकी एकच निकष पाहणे फसवे ठरते. अंदाज एके दिवशी ४० एककांनी जास्त आणि दुसऱ्या दिवशी तितकाच कमी आला, तर सरासरी कल शून्य भरतो. वर्गमध्यमूळ त्रुटी मात्र ४० येते.

प्रदूषित दिवसांची कसोटी

शंभर दिवसांपैकी दहा दिवस हवा वाईट असेल, तर रोज 'हवा चांगली' असे सांगणारे मॉडेल ९० टक्के वेळा बरोबर ठरते, पण त्याचा उपयोग शून्य. म्हणून किती वाईट दिवस आधी ओळखले गेले आणि किती इशारे खोटे निघाले, हे स्वतंत्रपणे मोजतात. 'उद्याची हवा आजच्यासारखीच' हा बिनखर्चाचा अंदाज हिवाळ्यातील स्थिर हवेत बऱ्याचदा खरा ठरतो. मॉडेलने निदान त्यापेक्षा सरस असावे, विशेषतः हवा पालटते त्या दिवशी.

ऑक्टोबर २०२२ पासून दिल्ली परिसरातील श्रेणीबद्ध कृती आराखड्याचे निर्बंध अंदाजाच्या आधारे आगाऊ लागू करण्याची तरतूद आहे. तेथे इशारा चुकल्यास दम्याचे रुग्ण व लहान मुले बेसावध राहतात. खोटा ठरल्यास बांधकामे थांबून मजुरांचा रोज बुडतो. कोणती चूक अधिक महाग, हे केवळ संख्याशास्त्र ठरवू शकत नाही.

मर्यादा

मापनकेंद्र एका बिंदूवरील हवा मोजते, तर मॉडेल संपूर्ण चौकटीची सरासरी देते. रस्त्यालगतच्या केंद्राशी तुलना करताना हा फरक मॉडेलची चूक म्हणून गणला जाण्याचा धोका असतो. तसेच ज्या केंद्रांच्या नोंदी वापरून मॉडेलची आरंभस्थिती सुधारली जाते, त्याच नोंदींवर त्याची परीक्षा घेतल्यास निकाल अवास्तव चांगला दिसतो. त्यामुळे काही केंद्रे तपासणीसाठी राखून ठेवणे इष्ट. पाषाणमध्ये खरा उतरलेला अंदाज मुळशी तालुक्यातील चांदे गावासाठीही तितकाच खरा मानता येत नाही. गावातील चुलींचा धूर, शेतात पेटवलेला पालापाचोळा आणि वाढत्या शहराची बांधकामे यांची उत्सर्जन नोंद शहराच्या मध्यभागाइतकी बारकाईने झालेली असेलच असे नाही आणि टेकड्यांमुळे रात्रीची थंड हवा सखल भागात साचून राहू शकते.