कळ कोणाच्या मालकीची?

१/ युनिक्स संगणकांच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या 'एक्स' प्रणालीचा जन्म १९८४ साली एमआयटीत झाला. साधने पुरवावीत, धोरण लादू नये, हे तिचे तत्त्व.

२/ त्यामुळे कीबोर्ड शॉर्टकटचा चिमुकला प्रोग्राम कोणालाही लिहिता आला: एक्सकडे कळांची जोडी मागून घ्यायची, ती दाबली गेली की नेमलेली आज्ञा चालवायची. तीच जोडी आधी दुसऱ्या प्रोग्रामने राखली असेल, तर मागणी फेटाळली जाई.

३/ मात्र याच मोकळिकीत एखादा छुपा प्रोग्राम पासवर्डही टिपू शके. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने कळांचा ताबा कंपोझिटरकडे, म्हणजे पडदा रचणाऱ्या मध्यवर्ती प्रोग्रामकडे दिला.

४/ सुरक्षितता वाढली, पण चिमुकल्या प्रोग्रामचा अधिकार आक्रसला. तेथे कोणता शॉर्टकट मान्य करायचा, हे आता कंपोझिटर ठरवतो.