शनिवारचा खेळ

चित्रपट नवा म्हणावयाचा तो कोठवर, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटला तरी त्या व्यापारात त्याचे उत्तर मोठ्या काटेकोरपणे ठरविलेले असते. शहरातील मोठ्या थिएटरांवरून उतरलेला, परंतु लोकांच्या घरी पोहोचण्यास अद्याप अवकाश असलेला, असा चित्रपटाच्या आयुष्यात काही महिन्यांचा एक मधला काळ असतो. अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थ्यांनी चालविलेल्या चित्रपटगृहांनी अर्धशतकाहून अधिक काळ आपली गुजराण केली ती मुख्यत्वे या मधल्या काळावरच. सिनेमाच्या इतिहासग्रंथांत या चित्रपटगृहांची नोंद झालीच तर ती तेथे दाखविल्या गेलेल्या अभिजात कृतींसाठी होते. शनिवारी रात्री तेथे लागणाऱ्या, गेल्याच हंगामातील गल्लाभरू चित्रपटाचे नाव कोणी काढीत नाही. माझ्या मते मात्र त्या घराचा कर्ता पुरुष तोच होता.

या प्रथेचा जन्म रसिकतेपोटी झाला हे खरे, परंतु तिला वाढविले ते फिल्मच्या एका अरुंद पट्टीने. चित्रपटगृहांत वापरली जाणारी 35 मिलिमीटर रुंदीची जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडताच भडकणारी. म्हणून तिच्यासाठी अग्निरोधक खोली, जाणता चालक आणि सरकारी परवाना असा सारा बंदोबस्त आवश्यक असे, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहाला तो परवडणे दुरापास्त होते. 1923 साली ईस्टमन कोडॅक कंपनीने 16 मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. तिची पट्टी सहजी पेट न घेणाऱ्या अ‍ॅसिटेटची असल्याने प्रोजेक्टर टेबलावर मांडून कोणाही होतकरू विद्यार्थ्याने खेळ सुरू करावा, एवढी मुभा मिळाली. तिचे सोळाशे फुटांचे एक रीळ सुमारे चव्वेचाळीस मिनिटे चाले. म्हणजे पावणेदोन तासांचा बोलपट तीन रिळांत मावे आणि ती तीन रिळे एकटा माणूस दोन हातांत घेऊन आवार ओलांडू शके. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी याच फिल्मवर बोलपटांच्या प्रती निघाल्या, आणि युद्ध सरल्यावर ही फिल्म शाळा, चर्च आणि महाविद्यालये यांच्या अंगवळणी पडली.

अशा चित्रपटगृहांपैकी एक चालविणाऱ्या शिकागो विद्यापीठातील विद्यार्थी-मंडळीचे मूळ 1932 पर्यंत, म्हणजे त्याच वर्षी उघडलेल्या आंतरराष्ट्रीय वसतिगृहातील खेळांपर्यंत मागे नेले जाते. 1940 मध्ये तिला रीतसर संस्थेचे रूप आले आणि ‘डॉक्युमेंटरी फिल्म ग्रूप’ हे नाव पडले. माहितीपटांचा अभ्यास हा आरंभीचा संकल्प लवकरच मागे पडून कथापट आले, विनोदपट आले, गुन्हेगारीचे चित्रपट आले. परंतु जुन्या वाड्याचा धनी बदलला तरी वाडा ज्याप्रमाणे मूळ मालकाच्याच नावाने ओळखला जातो, त्याप्रमाणे या मंडळीचे ‘डॉक फिल्म्स’ हे नाव कायम राहिले. तेथील शैक्षणिक वर्ष सत्रांत विभागलेले, आणि प्रत्येक सत्र सुमारे दहा आठवड्यांचे. सत्रागणिक मंडळीने छापील वेळापत्रक काढावे, आठवड्यातील एकेक वार एकेका मालिकेला वाहावा, एका वारी एखाद्या दिग्दर्शकाच्या साऱ्या कृती क्रमाने दाखवाव्यात, दुसऱ्या वारी मूकपट दाखवावेत, आणि आठवड्याच्या अखेरीस नवा चित्रपट लावावा, असा शिरस्ता तेथे पडला. वितरकाशी होणाऱ्या करारनाम्यात एक ठरीव रक्कम किंवा तिकीटविक्रीचा ठरावीक हिस्सा, यांपैकी जे अधिक भरेल ते द्यावे, अशी अट सामान्यतः असे. मूकपटाला पंचवीस प्रेक्षक आले तर ठरीव रक्कमही अंगावर पडे. नव्या चित्रपटाला सभागृह भरले की हिस्सा देऊनही गंगाजळी उरे. ज्यांनी वेळापत्रक आखावयाचे त्यांनीच तिकिटे फाडावयाची, प्रोजेक्टर चालवावयाचा आणि शेवटी रोजकीर्दही लिहावयाची असल्यामुळे हे अर्थशास्त्र त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पुढे चित्रपट-समीक्षक म्हणून नावारूपाला आलेले डेव्ह केर हे विद्यार्थिदशेत याच मंडळीत वावरलेले. समीक्षकाच्या हाती एके काळी गल्ल्याची पेटी असावी, ही गोष्ट मला उपकारकच वाटते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तर हा व्यवहार अधिकच उघडा होता. तेथे 1944 साली स्थापन झालेली विद्यार्थ्यांची समिती नावाप्रमाणे व्याख्यानमालेसाठी होती. परंतु व्याख्यानांचा खर्च भागावा म्हणून चित्रपट आले, आणि पुढे त्या संस्थेत या समितीचे नाव घेताच विद्यार्थ्यांना आठवावा तो चित्रपटच. आमच्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये आरंभिलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांना पैशाची विवंचना पडली नसेल असे नाही, परंतु शुक्रवारी मारधाडीचा बोलपट लावून शनिवारी वेदान्तावर व्याख्यान ठेवावे, ही युक्ती त्यांना मानवली असती असे वाटत नाही. त्या अमेरिकन संस्थेत मात्र पाचशेहून अधिक आसनांच्या ज्या व्याख्यानगृहात दिवसा पदार्थविज्ञानाचे पाठ होत, तेथेच रात्री फळ्यावर पडदा उतरे आणि सकाळी टिपणे घेणारेच मोठमोठ्याने शेरे मारीत खेळ पाहत.

या सभागृहांशी आपल्या माणसांचाही एक जुना ऋणानुबंध आहे. साठ-सत्तरच्या दशकांत शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी, गुजराती, तमीळ, पंजाबी मुलांनी विद्यापीठाचे एखादे सभागृह सुट्टीच्या दिवशी भाड्याने घ्यावे, हिंदी बोलपटाची 16 मिलिमीटरची प्रत मागवावी, आणि आसपासच्या गावांतील भारतीय कुटुंबांनी तासन्‌तास मोटार हाकीत तेथे यावे, असे सर्रास घडे. तेथे ‘नवा’ या शब्दाचा अर्थ आणखी सैल होता. मुंबईत दोन वर्षांपूर्वी उतरलेला चित्रपटही तेथे ताजा मानला जाई, कारण तो पाहण्यास दुसरी जागा नव्हती. मध्यंतर बोलपटाच्या कथेवर नव्हे, रिळावर अवलंबून असे. प्रोजेक्टर एकच असेल तर रीळ बदलताना दिवे लागत आणि तेवढ्यात साडीची, डाळीची, व्हिसाची चौकशी होऊन जाई.

पुढची हकीगत थोडक्यात सांगता येईल. घरगुती व्हिडिओ आला, कॅसेट भाड्याने मिळू लागली, आणि ज्या मधल्या काळावर हा संसार चालला होता तोच आकसला. कॅसेट विकत घेऊन सभागृहात दाखवावी, तर कायदा आडवा येई. वर्गातील अध्यापनासाठी तेथील कायद्याने सूट दिली आहे, पण तिकीट लावून केलेल्या खेळाला निराळा परवाना लागतो. तो देणारे मक्तेदारही निर्माण झाले. 16 मिलिमीटरच्या प्रती विरळ होत गेल्या. मग 35 मिलिमीटरचीही पाळी आली: 2014 च्या आरंभी पॅरामाउंटने अमेरिकेत नव्या चित्रपटांच्या फिल्म-प्रती काढणे थांबविल्याचे जाहीर झाले, आणि ज्यांना नवीन चित्रपट हवा त्यांनी महागडा डिजिटल प्रोजेक्टर बसवावा, अशी वेळ आली. कित्येक मंडळ्यांची वेळापत्रके तेथेच संपली.

शिकागोची मंडळी टिकली. मॅक्स पालेव्हस्की या उद्योजक माजी विद्यार्थ्याच्या नावाचे त्यांचे चित्रपटगृह 1916 च्या आयडा नोइस हॉल या इमारतीत आहे, आणि तेथे फिल्मचे प्रोजेक्टर डिजिटल यंत्राच्या शेजारी राबते आहेत. नवा चित्रपट आता डब्यांतून येत नाही. तो एका हार्ड डिस्कवर किंवा तारेवरून कुलूपबंद येतो. त्याची किल्ली निराळी पाठविली जाते आणि तिच्यावर मुदत नोंदलेली असते: अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, अमुकच यंत्रावर. ती मुदत सरली की चित्रपट यंत्रात असूनही उघडत नाही, आणि विद्यार्थी मग पुढच्या शनिवारच्या किल्लीची वाट पाहतात.